एक्केचाळीस नंबरची बाटली

१

एक्केचाळीस नंबरचा कप्पा रिकामा होता.

तळघरवाल्या नानांनी आधी त्यात बॅटरीचा उजेड पाडला, मग हात घातला, मग हात काढून पुन्हा उजेड पाडला. हरवलेला चष्मा माणूस एकाच खिशात तीनदा शोधतो, तसं. मागे उभ्या असलेल्या परीक्षकबाईंना ते बघवेना. बाईंचं अर्धं आयुष्य हॉटेलांच्या वाइनच्या याद्या तपासण्यात गेलं होतं. खोटी यादी लिहिणारा माणूस कप्पा रिकामा निघाला की धडाधड बोलायला लागतो, हे त्यांना पाठ झालं होतं. नाना काहीच बोलत नव्हते.

"इथेच होती," शेवटी ते पाठमोरेच म्हणाले. "बारा वर्षं इथेच आहे." आणि मग त्यांना एकामागून एक चार शिंका आल्या. आठ दिवस सर्दीने त्यांचं नाक असं चोंदलं होतं की बोलताना सगळी अक्षरं घशातून यायची.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. वर हॉटेलचं स्टेकहाउस, खाली हे तळघर. वर भट्टीवर मांस भाजायचं आणि त्याच्या जोडीला खालून वाइन न्यायची. तळघरात साठ वाइन, आणि त्या साठांची यादी नाना दरवर्षी स्वतः करायचे. यादी पास झाली की परीक्षक मंडळ दारावर द्राक्षाचं एक पितळी पान ठोकायचं. एकोणीस पानं झाली होती. आज विसावं. आज संध्याकाळपासून नाना निवृत्त आणि किल्ल्या त्यांच्या सुनेकडे, जी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकली होती. पण त्याला एक अट होती. विसावं पान लागलं तरच. नाही लागलं, तर तळघराला टाळं आणि एका कंपनीकडून तयार यादी. मालकीणबाईंनी हे सकाळीच, बिस्किटांची बशी पुढे करत, परीक्षकबाईंना सांगून टाकलं होतं.

परीक्षेचा नियम अगदी सोपा. बाई यादीतल्या कुठल्याही तीन वाइन मागणार, त्या तिन्ही टेबलावर आल्या पाहिजेत. एक जरी नसली तरी यादी नापास. पहिल्या दोन झोकात आल्या होत्या. तिसरी बाईंनी एक्केचाळीस मागितली, कारण त्या ओळीपुढे नानांनी लिहिलं होतं: 'तेवीस वर्षं जुनी लाल. ही एकच आहे. घाईत असाल तर मागू नका.'

असल्या यादीवर जीव जडतो हो माणसाचा. दुसऱ्या एका ओळीपुढे 'किंमत आहे तितकी चांगली नाही' असंही बेधडक लिहिलं होतं. गेल्या चार वर्षांत बाईंनी ही यादी दोनदा तपासली होती आणि दोन्ही वेळा घरी जाऊन नवऱ्याला वाचून दाखवली होती.

बाई वाकल्या. कप्प्याच्या तळाला एक काळपट डाग होता आणि त्या डागात पांढरे खडे चिकटलेले होते.

"भिंतीला खार सुटतो," नाना म्हणाले. "ओल आहे ना. म्हणून तर मालकीणबाईंना हे बंद करायचंय."

बाईंनी दोन खडे रुमालात घेतले. दाराशी खिळ्याला चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या, सगळ्या जाड पेन्सिलीने खरडलेल्या: 'स्वयंपाकाला लाल, दोन.' 'स्वयंपाकाला लाल, दोन.' रोजची तारीख आणि रोजचं तेच. आजची तशीच होती. तिच्याखाली कालची. बाईंनी ती वाचली आणि पुन्हा वाचली. नानांचं लक्ष नव्हतं.

"नाना, किल्ल्या किती?"

"दोन." नानांनी भिंतीला हात टेकला. "एक माझ्याकडे. आणि दुसरी सूनबाईकडे."

२

वर टेबलाशी 'अहो' बसले होते. अहो म्हणजे परीक्षकबाईंचे यजमान. बाई त्यांना अहो म्हणायच्या, म्हणून सगळं परीक्षक मंडळही त्यांना अहोच म्हणायचं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. ते गाडी चालवायचे, वाइनला शिवायचे नाहीत आणि बाई काम करत असताना समोर येईल ते मुकाट्याने खायचे. आत्ता त्यांच्यासमोर हिरव्या पानांच्या सॅलडचं रिकामं भांडं होतं आणि ते दुसरं मागवत होते.

"अहो, पाला काय एवढा खाताय? स्टेक यायचाय अजून."

"तू खाऊन तर बघ. आज पाल्याला चव आहे."

"तीन वाइनचा निकाल लागेपर्यंत मला व्हिनेगर चालत नाही. तीस वर्षं झाली सांगून."

"राहिलं मग," म्हणून अहोंनी पाव उचलला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. निकालाचा कागद दोन वाजता भरून द्यायचा. खरं तर आत्ताच 'नापास' लिहून मोकळं होता आलं असतं, आणि दुसरी कुठली यादी असती तर बाई झाल्याही असत्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून त्यांची ख्याती होती. पण नानांचा भिंतीला टेकलेला हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी सूनबाईला हाक मारली.

सूनबाई आली ती ताठ मानेने. डोळे लाल होते, पण रडण्याचं काम ती आधीच कुठेतरी उरकून आली होती.

"मी घेतली नाही," ती म्हणाली. "चार दिवस वर बसून यादीची सुवाच्य प्रत करतेय. खाली गेलेलीच नाही. किल्ली कमरेला आहे, ही बघा."

"मग घेतली कुणी असेल?"

"माहीत नाही. रोज सकाळी दहा ते अकरा दार उघडं असतं, स्वयंपाकघरातून वाइन न्यायला. बाबा आतच असतात, पण मागच्या रांगेत असले तर पुढचं दिसत नाही." तिने किल्ली मुठीत धरली. "बाई, मला किल्ल्या नाही मिळाल्या तर नाही. मी दुसरीकडे काम शोधीन. पण बाबांनी खोटी ओळ लिहिली असं कागदावर येऊ देऊ नका. त्यांना ते सोसणार नाही."

बाईंना मुलगी आवडली. पण आवडलेली माणसंही बाटल्या पळवतात, हेही त्यांनी पाहिलेलं होतं.

मालकीणबाई मात्र घुश्शातच आल्या. "परवा मी खाली गेले होते. कंपनीचा माणूस सोबत होता, भिंती मोजायला. लपवते कशाला? आणि बाटली हवी असती तर मागून नेली असती, माझंच तळघर आहे."

"नाना नापास झाले तर तुमचं काम सोपं होईल."

"काम सोपं होईल आणि झोप उडेल," मालकीणबाई एकदम मऊ पडल्या. "माझ्या लग्नात वाइन त्यांनीच निवडली होती. पण तळघर ओलं आहे हो. परवा तर काहीतरी आंबूस वास येत होता. मी नानांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, मला नाही येत."

"कुठून येत होता?"

"पुढच्या रांगेतून. दाराजवळून."

एक्केचाळीस नंबर दाराजवळच्या पुढच्याच रांगेत होता. बाईंनी रुमाल उघडला आणि त्यातला एक खडा सरळ जिभेवर ठेवला.

"दिसेल ते तोंडात घालायची तुझी सवय काही जात नाही," अहो म्हणाले. "काय आहे ते?"

बाई उठल्या आणि स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. भिंतीचा खार कडवट लागतो. हे चांगलं जाड, निवडक मीठ होतं.

३

भट्टीवरच्या शेफला सगळे अंगार म्हणत. माणूस तसा पाऱ्यासारखा, कधी कुठे घरंगळेल नेम नाही, पण हात सोन्याचा. तो आणि नाना गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर एकदा नाना भरल्या जेवणघरात एका पाहुण्याला म्हणाले होते, "या सॉसमध्ये माझी वाइन बुडून मेली." झालं. त्या दिवसापासून अंगारने तोंडाला कुलूप लावलं. वाइन हवी असली की खाली जायचं, दोन बाटल्या उचलायच्या आणि खिळ्याला चिठ्ठी टोचायची. नानांनीही कधी 'जाऊ दे' म्हटलं नाही. एकाच छपराखाली दोन हट्टी माणसं.

"एक्केचाळीस नंबरची बाटली गेलीय," बाई म्हणाल्या.

"ऐकलं." त्याने स्टेक उलटला आणि बाजूच्या वाडग्यातून चिमूटभर जाड मीठ वरून सोडलं.

"तुम्ही प्यायलात?"

"प्यायलो नाही. विकली नाही. कुणाला दिली नाही."

बाईंनी एवढी वर्षं माणसांची उत्तरं ऐकली होती. विचारलं नाही त्याचंही उत्तर देतो, तो माणूस काहीतरी चाळणीतून गाळून बोलतोय, हे त्यांना कळलं. पण पुढे काही विचारलं तर हा आणखी आक्रसेल, हेही कळलं. त्या परतल्या.

दीड वाजला. त्या टेबलाशी बसल्या आणि मांडणी करू लागल्या. मीठ तळघरात कोण नेतं? तळघरात मुरलेली माणसं डाग पडला तर ओल्या फडक्याने पुसतात. लाल वाइन सांडली की मूठभर मीठ टाकायचं, ही सवय स्वयंपाकघरातली. म्हणजे हात अंगारचा. कालची चिठ्ठीही तेच सांगत होती. पण त्याने बाटली प्यायली नाही, विकली नाही, दिली नाही. मग केलं काय तिचं? आणि इतका राग मनात असलेल्या माणसाने नानांच्या शेवटच्या दिवसाच्या तोंडावर त्यांची सगळ्यात लाडकी बाटली पळवली असेल, तर त्याला सूड म्हणायचं, दुसरं काय. हा निकाल बाईंना अजिबात आवडला नाही.

"तिसरं भांडं मागवू का गं?" अहोंनी विचारलं.

"काय?"

"सॅलड. हसू नकोस. गेल्या वर्षीही इथेच खाल्लं होतं, तेव्हा काही असं नव्हतं. आज त्यात काहीतरी आहे." आणि त्यांनी भांड्याच्या तळाशी उरलेला रस पावाने पुसून तो तुकडा बाईंच्या नाकासमोर धरला.

तिसऱ्या वाइनचा प्रश्न तर आता उरलाच नव्हता. बाईंनी तुकडा तोंडात टाकला.

आधी आंबटपणा जिभेला झोंबला. मग त्याच्यामागून सावकाश दुसरं काहीतरी आलं. वाळलेली चेरी, जुनं लाकूड, आणि शेवटी पुसटसा तंबाखूच्या पानाचा वास. बाजारच्या व्हिनेगरला असं मागे काही नसतं. हे कित्येक वर्षं अंधारात पडून मोठं झालेलं होतं.

बाई ताडकन उठल्या. त्यांच्या हातातला रुमाल खाली पडला, तो अहोंनी उचलला.

"नानांना बोलवा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच बोलवा. स्वयंपाकघरात. आणि अहो, तुम्ही पण चला. बाटली तुम्हीच शोधलीत."

४

भट्टीसमोर सगळे उभे राहिले. नाना एका टोकाला, अंगार दुसऱ्या टोकाला, मध्ये सूनबाई आणि मालकीणबाई. दोनला बारा मिनिटं होती.

"परवा तळघरात आंबूस वास होता," बाईंनी सुरुवात केली. "तो मालकीणबाईंना आला. नानांना आला नाही, कारण त्यांचं नाक बंद. सूनबाईला आला नाही, कारण ती वर यादी लिहीत होती. काल सकाळी तो आणखी एकाला आला. एक्केचाळीस नंबरचं बूच सैल झालं होतं. वाइन झिरपत होती, कप्प्यात डाग पडला होता, आणि आत जे उरलं होतं ते वाइन राहिलं नव्हतं. त्या माणसाने बाटली उचलली आणि एप्रनच्या खिशातलं मीठ डागावर टाकलं, कारण त्याचा हात तसाच चालतो. बाटली वर आणली. आणि आज माझ्या नवऱ्याने तिच्यातलं व्हिनेगर दोन भांडी भरून खाल्लं."

अहोंनी मान खाली घातली.

"पुरावा काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

बाईंनी खिळ्यावरून आणलेली कालची चिठ्ठी पुढे केली. जाड पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'स्वयंपाकाला लाल, तीन.'

"चोरी करून चिठ्ठी ठेवणारा चोर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला," बाई म्हणाल्या.

अंगारचा चेहरा भट्टीपेक्षा लाल झाला. तो मागे वळला, तेलाच्या डब्यांआडून त्याने एक बाटली काढली आणि ओट्यावर ठेवली. अंगाला फडकं गुंडाळलेलं, लेबल मात्र नीट कोरडं राखलेलं. एक्केचाळीस नंबर.

नाना त्या बाटलीकडे बघत राहिले.

"आता माझी अडचण ऐका," बाई म्हणाल्या. "मागितलेली वाइन आली नाही तर यादी नापास. हा पहिला नियम सगळ्यांना माहीत आहे. सातवा कुणी वाचत नाही. बिघडलेली बाटली पाहुण्याच्या ग्लासात जाण्याआधी घरच्याच माणसाने ओळखली आणि यादी करणाऱ्याला सांगितली, तर तो दोष नाही. उलट त्याचा गुण मिळतो. ओळखली कालच. सांगितली मात्र नाही." त्यांनी कागद ओट्यावर पसरला. "अजून नऊ मिनिटं कागद कोरा आहे."

अंगारने खाकरून घसा साफ केला. मग तो सूनबाईकडे वळला. "नानांना सांग..."

"ते इथेच उभे आहेत, काका," सूनबाई म्हणाली.

भट्टीत कोळसा तडतडला. अंगारने हात फडक्याला पुसले, मग पुन्हा पुसले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने नानांकडे सरळ पाहिलं.

"नाना, एक्केचाळीस खराब झाली होती."

"मग कालच का नाही बोललास?"

"अकरा वर्षांनी तोंड उघडायचं, ते काय या वाक्याने?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "म्हटलं, साठांतून बाई हीच कशाला मागतील. आणि मागितलीच, तर तुम्ही ती ऐटीत उघडणार, नाक बंद, तुम्हाला काही कळणार नाही. सगळ्यांसमोर ओतणार. बाई घोट घेऊन तोंड वाकडं करणार. शेवटच्या दिवशी लोक तुम्हाला हसले असते. ते मला बघवलं नसतं. म्हटलं, त्यापेक्षा नसलेलीच बरी. त्याने यादी नापास होते हे मला काय ठाऊक. मी भट्टीवरचा माणूस."

"मग ओतून का नाही दिलीस?"

"बारा वर्षं जपलीत तुम्ही ती. मोरीत कशी ओतू?"

नाना पुढे आले. त्यांनी ओट्यावरचा चमचा उचलला, बाटलीतलं थोडं त्यात घेतलं आणि तोंडात टाकलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग डोळ्यांत पाणी आलं, नाकात आलं, आणि एक जंगी शिंक देऊन आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी नाकाने श्वास घेतला. हळूच, पुन्हा एकदा, बाटलीच्या तोंडाशी.

"गेलीय," ते म्हणाले. "पण किती छान गेलीय रे."

परीक्षकबाईंनी कागदावर लिहिलं: 'यादी पास. एक्केचाळीस नंबर घरच्या माणसाने वेळेत ओळखली. सातव्या नियमाचा गुण द्यावा.' दोनला चार मिनिटं होती. मालकीणबाईंनी कागद वाचला, टेपने मोजलेल्या भिंतींचा विचार केला असावा, आणि एक मोठा सुस्कारा टाकून हातोडी आणायला गेल्या. तो सुस्कारा दुःखाचा नव्हता, हे बाईंनी बरोबर ओळखलं.

विसावं पान दारावर लागलं. नानांनी कमरेची किल्ली काढून सूनबाईच्या हातावर ठेवली आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटवली. ती वाकायला गेली तर म्हणाले, "आधी एक्केचाळीसच्या ओळीवर काट मार. खोटी ओळ तासभरही ठेवायची नाही." मग त्यांनी कालची चिठ्ठी बाईंकडून मागून घेतली आणि घडी करून वरच्या खिशात ठेवली.

परीक्षकबाई आणि अहो निघाले तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत नाना ओट्यापाशी स्टुलावर बसले होते. अंगारने भट्टीवरून एक स्टेक काढला, ताटलीत ठेवला, वर चिमूटभर मीठ सोडलं आणि ताटली नानांपुढे सरकवली. सॉसचं भांडं त्याने मुद्दाम पाठीमागे, लांब ठेवलं होतं.

नानांनी काटा उचलला, ताटलीकडे पाहिलं आणि काटा पुन्हा खाली ठेवला.

"सॉस कुठाय?" त्यांनी विचारलं.